ट्राउट नसलेल्या नद्या : कृष्णाखोऱ्यातील मासे, कीटक आणि त्यांची नावे

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील नद्यांच्या इतिहासाचा विचार बहुधा घाट, मंदिरे, संगम आणि अलीकडे धरणे यांच्या अनुषंगाने केला जातो. नदीतील जीवसृष्टीचा व तिच्याभोवती वाढलेल्या शब्दसृष्टीचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाच्या एका कडेला स्पर्श करावयाचा आहे. डोंगरी नदीतील मासा कृत्रिम कीटकाने गळाला लावण्याची जी विद्या युरोपात 'फ्लाय फिशिंग' म्हणून वाढली, तिला कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा या नद्यांत प्रतिरूप सापडते काय, आणि सापडत नसल्यास तिच्या जागी येथे कोणते ज्ञान होते, हा तो प्रश्न होय. प्रश्न वरवर पाहता छंदाचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी नावांचा प्रश्न आहे, आणि नावांच्या घोटाळ्याची किंमत एका माशाला फार मोठी द्यावी लागली, हे पुढे दिसून येईल.

प्रथम ट्राउटविषयी. हा मासा हिंदुस्थानात मूळचा नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची अंडी समुद्रमार्गे आणविली. निलगिरीवर एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून प्रयत्न झाले, पण तेथे त्याची खरी पैदास विसाव्या शतकाच्या आरंभी एच. सी. विल्सन याच्या खटपटीने सुरू झाली. काश्मिरातही १९००च्या सुमारास तो रुजला. सह्याद्रीच्या आपल्या भागात तो रुजणे शक्य नव्हते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर असली, तरी तेथून निघणाऱ्या नद्या थोड्याच अंतरात वाई, मेढा, हेळवाक यांच्या पातळीला उतरतात व उन्हाळ्यात त्यांचे पाणी चांगलेच तापते. पाणी वीस अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले की ट्राउट खंगतो. कृष्णेच्या उगमाजवळ राहूनही इंग्रज शिकाऱ्याला आपल्या देशातला मासा येथे मिळाला नाही, याचे कारण इतके साधे आहे.

युरोपातील ही विद्या जुनी आहे. रोमन काळातील लेखक ईलियन याने इसवी सनाच्या २०० च्या आसपास मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. नदीवर घोंघावणाऱ्या एका विशिष्ट माशीवर तेथील मासे तुटून पडत. ती माशी हातात धरली की तिचा रंग व पंख बिघडत, म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याच्या मानेची दोन पिसे बांधीत. १४९६ साली इंग्लंडात छापल्या गेलेल्या गळविद्येच्या प्रबंधात अशा बारा कृत्रिम माश्यांची यादी महिनेवार दिली आहे. ऐझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ चा. त्यात चार्ल्स कॉटनने १६७६ साली घातलेल्या भरीत कृत्रिम माश्यांचा तपशील पुष्कळ वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅलफर्डने तरंगत्या माशीचे शास्त्र कीटकशास्त्राच्या पायावर उभे केले व १९१० साली स्क्यूजने पृष्ठभागाखालील अप्रौढ कीटकाच्या नकलेचा पुरस्कार करून त्या संप्रदायाशी वाद मांडला.

या विद्येचे वर्म असे : कृत्रिम माशीला वजन नसते, म्हणून वजन दोरीला द्यावे लागते आणि काठीच्या लवचिकपणाने दोरीच फेकावी लागते. बुडणारी माशी प्रवाहावर आडवी टाकून खाली वाहू द्यावयाची. तरंगती माशी मात्र प्रवाहाविरुद्ध, माशाच्या मागून, पाण्यावर अलगद उतरवावयाची. कोणती माशी बांधावयाची हे त्या दिवशी पाण्यातून कोणता कीटक बाहेर पडत आहे यावर ठरते. थंड प्रदेशांत एका जातीचे अप्रौढ कीटक वर्षभर तळाशी दगडांखाली राहून एखाद्या ठराविक आठवड्यात हजारोंनी एकदम पंख फुटून वर येतात. काहींचे प्रौढपण तर एका दिवसाचे असते, त्या अवस्थेत ते काही खातही नाहीत. असा दिवस गाठणे हेच शिकाऱ्याचे कौशल्य. साहजिकच इंग्रजीत या कीटकांना, त्यांच्या अवस्थांना आणि त्यांच्या नकलांना शेकडो नावे आहेत.

मराठीत ती नाहीत. चतुर आहे, टाचणी आहे, पाण्यावर धावणाऱ्या कीटकांना गावोगावी काही ना काही म्हणतात. पण दगडाखाली राहून एक दिवसासाठी पंख लावणाऱ्या त्या नाजूक कीटकाला, किंवा वाळूच्या कणांचे घर अंगाभोवती शिवणाऱ्या दुसऱ्याला, रूढ मराठी शब्द नाही. हे कीटक आपल्या ओढ्यांत नाहीत असे मुळीच नव्हे. सह्याद्रीच्या खळाळत्या ओढ्यातला कोणताही दगड उलटून पाहावा, ते चिकटलेले दिसतील. मग शब्द का नाही? मराठी माणसाचे निरीक्षण तोकडे होते, असे उत्तर काही जण देतील. ते आम्हांस मान्य नाही. शब्द हा व्यवहाराच्या गरजेतून येतो. इंग्रज शिकाऱ्याला कीटकाची नक्कल बांधावयाची होती, म्हणून त्याने कीटकाला नाव दिले. कृष्णाकाठच्या भोयाला जाळे टाकावयाचे होते, गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावावयाचा होता. त्याने नावे दिली ती माशांना, डोहांना आणि पावसाला.

शिवाय येथील कीटकांचा क्रमही निराळा आहे. उष्ण प्रदेशातील ओढ्यांत एकाच जातीच्या वर्षातून अनेक पिढ्या होतात, आणि पंख फुटून बाहेर पडणे बरेचसे वर्षभर विखुरलेले असते. महिनेवार बारा माश्यांची यादी येथे उपयोगी पडली नसती. एकदम, प्रचंड संख्येने, ठरलेल्या वेळी होणारे उड्डाण येथे एकच आहे व ते पाण्यातले नसून जमिनीतले आहे : पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वारुळांतून निघणारी पंखांची वाळवी. ती दिव्यावर झेपावते, पंख गाळते, ओढ्यात पडते आणि मासे ती वेचून खातात. याच सुमारास जमिनीवर मखमली लाल रंगाचा मृगाचा किडा दिसतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो कीटकही नव्हे, तो गोचिडीच्या कुळातला अष्टपाद प्राणी. पण त्याचे नाव पाहावे : ते नक्षत्रावरून आलेले आहे. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही पावसाची नावे ज्या पंचांगात बसतात, त्यातच चढणीचे माससुद्धा बसतात. पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व शेतांच्या पाण्यात शिरणाऱ्या माशांना देशावर 'चढणीचे मासे' म्हणतात, कोकणात या चढणीला 'वलगण' हा शब्द आहे. इंग्रज शिकाऱ्याची दिनदर्शिका कीटकाच्या उड्डाणावर बेतलेली होती, तर आपली पाण्याच्या चढावर.

गळविद्येवर आपल्याकडे लेखनच झाले नाही, असा जो समज आहे तो मात्र दूर केला पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील मराठी पद्यांच्या नमुन्यांमुळे परिचित आहे. मत्स्यविनोदाकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले असेल. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्याचा परामर्श घेतला. त्यात माशांचे प्रकार, त्यांची राहण्याची ठिकाणे, गळ, दोरी व काठी, आणि कोणत्या माशास कोणते आमिष रुचते याचे विवेचन आहे. मासे एका ठिकाणी रोज खाद्य घालून सवयीचे करावेत, मग तेथे गळ टाकावा, ही पद्धती त्यात येते. सातारा–सांगलीचा टापू त्या काळी चालुक्यांच्या सत्तावर्तुळात होता, हे ध्यानी घेतले म्हणजे हे प्रकरण परके वाटत नाही. त्यातील माशांची बरीच नावे संस्कृत कोशांतील नसून देशी आहेत. संस्कृत श्लोकांत देशी शब्द बसवावे लागले, याचा अर्थ ज्ञान कोळ्यांकडून आले. राजाला गळ टाकण्याची हौस असेल, पण माशाचे नाव त्याला कोणीतरी सांगितले आहे.

तीच गोष्ट सातशे वर्षांनी पुन्हा घडली. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याची १८२४ साली मुंबई सरकारने सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक केली आणि १८३१ पर्यंत तो दख्खनभर हिंडला. लोकसंख्या, पिके, हवामान, पक्षी, सस्तन प्राणी असे सर्व काही त्याने टिपले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे १८३८ साली वाचला गेला व सचित्र स्वरूपात १८४१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पुष्कळ जाती विज्ञानाला नव्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य जातींना त्याने नाव दिले ते कोळ्यांच्या तोंडचे. युरोपीय नामकरणाच्या रिवाजाप्रमाणे तो मित्रांची व आश्रयदात्यांची नावे देऊ शकला असता. काही ठिकाणी त्याने तसे केलेही आहे. परंतु शिंगटी, शिंगाळा, मळ्या, घोगरा, कोळस ही नावे लॅटिन व्याकरणाच्या पंक्तीला जाऊन बसली ती त्याच्यामुळे. 'रोहटी' हे तर त्याने एका संपूर्ण प्रजातीचे नाव केले. शिंगाळा हा मासा गंगा–सिंधूच्या खोऱ्यांतही आहे, त्यामुळे बंगाल–पंजाबातील शास्त्रज्ञही आज त्या माशाला मराठी नावानेच ओळखतात.

येथे भाषाभ्यासकाचे काम सुरू होते. साइक्सच्या काळी रोमन लिपीत देशी शब्द लिहिण्याची एकच प्रमाण पद्धती रूढ झालेली नव्हती. त्याने पत्करलेल्या पद्धतीत 'यू' हे अक्षर बहुधा अकारासाठी येते. तो दख्खन हा शब्दच 'यू' दोनदा घालून लिहितो, याहून स्पष्ट पुरावा नको. उकारासाठी तो सहसा 'ओ' दोनदा लिहितो, जसे अलकुटी या नावात, किंवा शिरूर या गावाच्या नावात. (मुळा–मुठेच्या नावांत मात्र त्याने एकच 'ओ' वापरला आहे. नियम काटेकोर नव्हता.) दंत्य व मूर्धन्य यांचा भेद तो दाखवीत नाही, आणि दोन स्वरांमधला 'ड' त्याला कधी 'र' असा ऐकू येतो. घोड नदीचे नाव त्याने 'र' घालून लिहिले आहे. एवढे ध्यानात ठेवून यादी वाचली म्हणजे कितीतरी नावे उलगडतात. 'नुक्ता' असे जे नाव विद्यार्थी वाचतात व ज्याचा संबंध उर्दूतील टिंबाशी लावू पाहतात, ते वस्तुत: 'नकटा' आहे. या माशाच्या नाकाडावर एक विचित्र उंचवटा व त्याखाली खाच असते. ज्या कोणी भोयाने त्याला नकटा म्हटले, त्याने शरीररचनेचे मर्म एका शब्दात पकडले होते. 'मुल्या' हा मळ्या होय. आणि पुस्तकांतून सर्वत्र 'खुद्री' असा उच्चारला जाणारा शब्द वस्तुत: 'खदरी' किंवा 'खडरी' असला पाहिजे. आज मराठीत या माशाला 'खडशी' म्हणतात, ते रूप याच्या शेजारचे आहे.

ही खडशी म्हणजेच महसीर. इंग्रज शिकाऱ्याला ट्राउटच्या जागी जो मासा मिळाला तो हाच. मंगळूरकडील जिल्हाधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात महसीरला सामनपेक्षाही श्रेष्ठ ठरविले आहे. परंतु महसीर म्हणजे ट्राउट नव्हे. तो घशातल्या दातांनी शंखशिंपले व खेकडे फोडतो, काठच्या उंबराची पडलेली फळे खातो, लहान मासे गिळतो आणि शेवाळही सोडत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी धातूची चमकती पट्टी, मेलेला लहान मासा, कणकेचा गोळा ही आमिषे अधिक चालत. कृत्रिम माशीलाही तो येतो, पण ती माशी मोठी असावी लागते आणि ती त्याला कीटकापेक्षा माशाचे पिल्लू वाटत असावी. पावसाळ्यात नदी गढूळ असताना हे सर्व व्यर्थ. पाणी निवळल्यावर दिवाळीनंतरचे महिने, किंवा पहिल्या पुरापूर्वीचे दिवस, हाच त्याचा हंगाम. खऱ्या अर्थाने कीटकभक्षी, पाण्याच्या पृष्ठभागावर झेप घेणारे मासे येथे आहेत ते वीतभर लांबीचे. अंगावरील ठिपक्यांमुळे त्यांच्या गोतावळ्याला इंग्रज 'हिंदी ट्राउट' म्हणत. त्यांपैकी बेंडेलिसी नावाचा मासा बुकॅनन–हॅमिल्टनने १८०७ साली म्हैसूर मुलखातील वेदवतीतून, म्हणजे कृष्णेच्याच पाणलोटातून, वर्णिला. नाव पुन्हा स्थानिकच.

आता घोटाळ्याकडे वळू. साइक्सने आणखी एक मोठा मासा घोड नदीतून शिरूर येथे नोंदविला व त्याला जे नाव दिले ते त्याच्या लेखनपद्धतीनुसार 'मसळा' किंवा 'मसला' असे वाचावे लागते. वर्णन त्रोटक होते आणि वर्णनाचा आधारभूत नमुना जतन झालेला नाही. १९४०च्या दशकात होरा यांनी हा मासा महसीरांपैकीच मानला. पुढे कावेरीत आढळणारा, पाठीवर मदार असलेला प्रचंड महसीर याच नावाखाली नोंदला जाऊ लागला. १९४६ साली व्हॅन इंगेन याने म्हैसूरकडे १२० पौंडांचा जो मासा गळाला लावला, तो या कावेरीच्या महसीराचा. महसीर आणि मसळा या शब्दांचा ध्वनी जवळचा आहे, या साम्याने शास्त्रज्ञांच्या मनाचा कल ठरविण्यास हातभार लावला असावा, असे आमचे अनुमान आहे. कोळ्यांच्या बोलीत असे शब्द मोठ्या खवल्यांच्या, मोठ्या देहाच्या अनेक माशांना लागू पडतात, त्यांतून नेमकी एक जाती सूचित होतेच असे नाही. लोकनाम हे वर्गाचे नाव असते. त्याला जातीचे नाव केले की ते दुसऱ्याच माशाच्या गळ्यात पडण्याचा संभव राहतो.

तसेच झाले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झालेल्या फेरतपासणीत साइक्सचा मसळा हा महसीर नसून कोळस माशाच्या प्रजातीतला आहे, असे दाखविले गेले. म्हणजे कावेरीच्या मदारीच्या महसीराला वैध शास्त्रीय नावच उरले नाही. ज्याला नाव नाही त्याची गणना धोक्यातील जातींच्या यादीत होऊ शकत नाही. मध्यंतरी काय घडले होते? १९७०च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपन्यांनी, चं. वि. कुलकर्णी व शशांक ओगले यांच्या प्रयत्नांनी, खडशीची कृत्रिम पैदास यशस्वी केली. ते मोठे काम होते, त्याबद्दल दुमत नसावे. पण त्या माशाची पिल्ले कावेरीतही सोडली गेली, आणि ती तेथे इतकी फोफावली की मूळचा मदारीचा महसीर जवळजवळ नाहीसा झाला. २०१८ साली संशोधकांनी तो केरळातील पांबार नदीतून अगोदर वर्णिलेल्या 'रेमादेवी' या जातीचाच असल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. घोड नदीवरील मराठी शब्द चुकीच्या माशाला चिकटला नसता, तर ही नोंद कित्येक वर्षे आधी झाली असती. व्युत्पत्तीचा प्रश्न केवळ पंडिती नसतो असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी सौजन्याने मान डोलावतात. त्यांना यापुढे हे उदाहरण द्यावे.

साइक्सच्या कामातील आणखी एका मर्यादेकडे लक्ष वेधले पाहिजे. तो फिरला तेव्हा साताऱ्यास छत्रपतींचे राज्य होते व सांगली पटवर्धनांच्या जहागिरीत होती. त्याची नोंदविलेली ठिकाणे मुख्यत: घोड, मुळा–मुठा, भीमा या बाजूची आहेत. भीमा शेवटी कृष्णेलाच मिळते, म्हणून मासे बहुतांशी तेच. पण नावे तीच असतील असे गृहीत धरता येत नाही. वाई, माहुली, कराडचा प्रीतिसंगम, हरिपूरचा कृष्णा–वारणा संगम या पट्ट्यातील भोयांच्या शब्दांची अशी यादी त्या काळी कोणी केली नाही. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. सांगलीचा जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून बनला व १९६० साली त्याला आजचे नाव मिळाले. त्यानंतर नदीच बदलली. कोयनेवर शिवाजीसागर पसरला, कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, वारणेवर चांदोली ही धरणे झाली. चढणीच्या माशांची वाट जागोजागी अडली, आणि बाहेरून आलेला तिलापिया सर्वत्र स्थिरावला. वाहत्या पाण्याचे मासे कमी झाले की त्यांची नावे आधी तरुणांच्या व मग वृद्धांच्या तोंडून जातात.

तरी ही परंपरा साइक्सबरोबर संपली नाही. १९५२ साली चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील एक लहानसा बिनखवल्याचा मासा नव्याने वर्णिला. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. खवले खाणारे मासे जगात थोडेच आहेत, आणि गोड्या पाण्यात ते आणखी विरळा. कुलकर्णींनी जातीचे नाव म्हणून जो शब्द घेतला तो मराठीच आहे : खवलचोर.